बेरियाची पाने आणि काळा घोडा : इतिहास बदलणे कशाला म्हणायचे?

दादरकर :
हुकूमशाही सरकारे इतिहास बदलतात, असे आपण सहज म्हणतो, पण ते काम प्रत्यक्ष कसे चालते याचा एक नमुना मला फार अस्वस्थ करतो. स्टालिनच्या काळात सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियाला 1953 मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी गोळी घालण्यात आली. त्याच्यावरचा गौरवपर लेख आणि त्याचे छायाचित्र असलेला सोव्हिएत विश्वकोशाचा खंड तोवर वर्गणीदारांच्या घरी पोहोचला होता. त्यांना नवी पाने पाठवण्यात आली आणि सोबत सूचना होती, की जुनी पाने कात्रीने किंवा ब्लेडने कापून काढावीत, मात्र शिवणीजवळची पट्टी राखावी, म्हणजे नवी पाने तिला चिकटवता येतील. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती. क्रूर माणसाची स्तुती गेली याचे दुःख नाही; त्याने काय केले हेही तिच्यासोबत नाहीसे झाले.

गिरगावकर :
उदाहरण बोलके आहे, पण दोष एकट्या हुकूमशाहीचा कसा? आपल्या मुंबईतल्या काळ्या घोड्यावरच्या एडवर्ड राजाचा पुतळा 1965 मध्ये हलवलाच की. 1857 च्या लढ्याला 'शिपायांचे बंड' म्हणणारी पाठ्यपुस्तके आपणच बाजूला ठेवली, आणि ते योग्यच केले. गुलामीतून सुटलेल्या देशाने आपला इतिहास नव्याने लिहायचा नाही, तर कोणी लिहायचा?

दादरकर :
नव्याने जरूर लिहावा, त्यावर माझा आक्षेप नाही. पण एडवर्ड राजा आजही राणीच्या बागेत उभा आहे. लहानपणी वडिलांनी मला तो दाखवला होता आणि इथे का आणला तेही सांगितले होते. याच्याशेजारी रशियातील कातिनचे हत्याकांड ठेवून पाहा. 1940 मध्ये सोव्हिएत पोलिसांनी सुमारे 22 हजार पोलिश अधिकारी व नागरिकांना ठार केले आणि दोष जर्मनांवर ढकलला. जर्मन सैन्य तेथे पोहोचले 1941 मध्ये, म्हणून पुढे सोव्हिएत वर्चस्वाखालील पोलंडच्या सेन्सॉरने नियमच केला, की कातिनच्या मृतांची तारीख जुलै 1941 नंतरची असेल तरच छापावी. आपला बाप कोणत्या वर्षी गेला हे ठाऊक असूनही मुलाला ते छापता येत नव्हते! मॉस्कोने गुन्हा कबूल केला तो 1990 मध्ये.

गिरगावकर :
कातिनचे मान्य. मात्र लोकशाहीला इतक्या सहज निर्दोष सोडू नका. ब्रिटनने वसाहती सोडताना अडचणीची सरकारी कागदपत्रे जाळली; केनियासह अनेक वसाहतींतून नेलेल्या हजारो फायली दडवून ठेवल्या आणि त्यांची कबुली दिली थेट 2011 मध्ये. जळलेला कागद कोणत्या राजवटीने जाळला, याने जळालेल्या मजकुराला काय फरक पडतो?

दादरकर :
त्या मजकुराला काहीच नाही, हे मला मान्य करावेच लागेल. परंतु उरलेल्या फायली बाहेर आल्या, त्या छळ सोसलेल्या केनियातील वृद्धांनी लंडनच्या न्यायालयात सरकारवरच दावा लावल्यामुळे. स्टालिनच्या बळींची नोंद ठेवणारी 'मेमोरियल' ही संस्था मात्र रशियाच्या सर्वोच्च न्यायालयानेच डिसेंबर 2021 मध्ये बंद करायला लावली.