अनुभव धागा : टाळेबंदीत तुमचा ग्रुप टिकला कसा? (नाशिकच्या स्वयंसेवकांसाठी)

विसर्जनाला गोदाघाटावर मूर्ती संकलनासाठी उभे राहिलेले, रक्तदान शिबिरात टेबलं लावलेले, एनएसएसचा (कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना) सात दिवसांचा कॅम्प केलेले किंवा नुसतेच गल्लीतल्या मंडळाचे, हा धागा तुमच्यासाठी. किती किट वाटली आणि कोणाच्या हस्ते वाटली, हे त्या वेळी फेसबुकवर भरपूर येऊन गेलं. मला दुसरंच विचारायचंय. 25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि घाट, कॉलेज, कट्टा, मिसळ सगळंच थांबलं. चार डोकी जमवणं हेच ज्यांचं काम, त्यांनी जमायलाच बंदी असताना एकमेकांना धरून कसं ठेवलं? ग्रुप फुटला असेल तर तेही लिहा. माणसांची आणि संस्थांची नावं मात्र नकोत.

सुरुवात मीच करते. आमचा ग्रुप रविवारी सकाळी घाट झाडणारा. टाळेबंदीत झूम सुरू केलं. फुकटातली चाळीस मिनिटं, त्यातली बरीचशी "आवाज येतोय का?" मध्ये जायची. पहिल्या मीटिंगला झाडून सगळे हजर, महिन्याभरात ठरलेली चार-पाच तोंडं उरली. मग आमच्यातल्या एका ताईने फोनची साखळी काढली. प्रत्येकाने आठवड्यातून दोघांना फोन करायचा. मेसेज चालणार नाही आणि कामाचा विषय काढायचा नाही. ग्रुपवर रोज "मस्त चाललंय" लिहिणारी एक मुलगी फोनवर थोड्या वेळाने बोलती झाली. बाबांची अंबडची कंपनी बंद, पगार नाही, घरात रिचार्ज एकाच नंबरला मारतात. एवढ्या मोठ्या ग्रुपवर हे कोण लिहिणार? तिच्याकडे धान्य कोणी पोहोचवलं, हे ग्रुपला अजून माहीत नाही.

उत्तमनगर, सिडको

आमच्याकडे वाजलं ते टाळेबंदीत बाहेर पडायच्या पासवरून. एप्रिल-मे 2020 मध्ये मुंबई-आग्रा हायवेवर माणसांची रीघ लागली होती. कसारा घाट चढून आलेले, डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, जायचं यूपीला नाहीतर एमपीला. पास मोजक्यांनाच मिळाले. ते विल्होळीपासून द्वारकेपर्यंत पाणी-जेवण घेऊन उभे राहायचे आणि रात्री स्टेटस टाकायचे. घरी अडकलेले ते बघून कुढायचे, विशेषतः मुली. पोरांना घरून सोडलं, पोरींना नाही, उघड आहे. "तुम्ही हिरो, मग आम्ही कोण?" इथपर्यंत गेलं.

गाठ सुटली ती चपलांमुळे. हायवेवरून फोन आला की लोक जेवणाआधी चपला मागताहेत, तळपाय सोलून निघालेत. घरच्या टीमने बिल्डिंगा वाटून घेतल्या. गेटवर खोकं ठेवायचं, लोकांनी त्यात जुन्या चपला टाकायच्या. माझी बहीण त्या गच्चीवर धुऊन उन्हात वाळवायची, सुतळीने जोडी बांधायची आणि तळव्यावर खडूने नंबर घालायची. सहा, सात, आठ. लहान मुलांच्या वेगळ्या पिशवीत. मग हायवेवाले निघताना घरच्यांना विचारूनच निघायला लागले, "आठ नंबर किती आहेत?" 1 मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळची श्रमिक गाडी सुटली, मागोमाग लखनौची. नोंदणी कुठे, कोणते कागद, हे हिंदीतून फोनवर समजावण्याचं कामही मुलींनीच उचललं. स्टेटसचं प्रमाण आपोआप कमी झालं.

नाशिकरोड

आमचा ग्रुप फुटला आणि मला त्याचं फार वाईट वाटत नाही. निम्मे एनएसएसचे वर्षाचे 120 तास भरायला आलेले. कॅम्प रद्द झाला तसे गळाले. उरलेले सात-आठ आजही एका हाकेला येतात. प्रत्येक गोष्ट टिकलीच पाहिजे हा हट्ट कशाला?

धागाकर्ती

नाशिकरोड, हट्ट नाही. पण गळालेले गेले कुठे, ते कळलं का?

नाशिकरोड

कळलं की. दोघं वडिलांबरोबर भाजीचा गाडा लावत होते. एक दिंडोरीकडे गावी गेला, ऐन मार्चमधली द्राक्षं, व्यापारी यायला तयार नाही, घरच्यांनी बेदाणा घातला. त्याची थोडी द्राक्षं आम्ही जेलरोडच्या सोसायट्यांत खपवली. म्हणजे तुमच्या हिशोबाने तो गळाला नाहीच म्हणा.

हरसूलकडचा

तुमचं झूम आमच्याकडे नव्हतंच. मी सातपूरला खोली घेऊन शिकत होतो, मेस बंद झाली तसा गावी आलो. रेंज फक्त टेकडीवर. संध्याकाळी गुरं आणायला गेलो की दिवसाचे सगळे मेसेज धाडधाड पडायचे आणि चर्चा संपून गेलेली असायची. मतदान झालं, निर्णय झाला, मला विचारलंही नाही. चिडून ग्रुप सोडणार होतो. मग आमच्या दादाने एक पद्धत पाडली. महत्त्वाचं काही असेल तर त्याच दिवशी ठरवायचं नाही, एक रात्र जाऊ द्यायची. आणि मला साधा एसएमएस. शहरातल्यांना एसएमएस म्हणजे फक्त बँकेचे, हसले सगळे.

जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा शाळेच्या पोरांचा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा. वस्तीत टीव्ही दोन घरांत. मी पोरांना तिथे अंतर ठेवून बसवायचो आणि नंतर उजळणी घ्यायचो. ग्रुपने रद्दीतून निवडलेल्या वह्या-पुस्तकांचं पोतं भाजीच्या रिकाम्या परतणाऱ्या पिकअपमधून पाठवलं. वह्यांच्या कोऱ्या पानांवर प्रत्येकाने माझ्यासाठी काहीबाही खरडलं होतं. बहुतेक शिव्याच होत्या.

पंचवटी

2020 च्या गणपतीत घाटावर गर्दी करायची नाही असं ठरलं. दर वर्षी आम्ही काठावर उभं राहून "मूर्ती नदीत नको, आम्हाला द्या" म्हणणारे. यंदा काठच नाही. मग घरोघरी व्हिडिओ कॉल लावून अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात पीओपीची मूर्ती विरघळवायला शिकवलं. हा खायचा सोडा नव्हे, हे सांगता सांगता तोंड दुखलं. मूर्ती बुडेल एवढं पाणी, बादली गॅलरीत किंवा अंगणात, कारण अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, आणि अधूनमधून काठीने ढवळायचं. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो, वरचं अमोनियम सल्फेटचं पाणी पातळ करून झाडांना चालतं. एक आजोबा म्हणाले, "देवाला ढवळायचं म्हणजे काय?" त्यांच्या नातवाने आधी आरती घेतली, मग काठी. अशा कॉलवर आम्ही दोघं-दोघं असायचो, एक बोलणारा, एक मोबाइल नेटवर्क सांभाळणारा. जुन्या-नव्या पोरांची खरी ओळख इथेच झाली. घाटावर नवीन पोरं नुसती पोती उचलायची.

गंगापूर रोड

माझं दुसऱ्या लाटेचं. पहिल्या लाटेत उत्साह होता, एप्रिल 2021 मध्ये फक्त फोन होते. बेड आहे का, ऑक्सिजन आहे का, रेमडेसिविर कुठे मिळेल. फिरणाऱ्या यादीतले अर्धे नंबर बंद. 21 एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती होऊन 22 जण गेले, तेव्हा आमच्यातली विशीतली दोन पोरं कोसळली. आदल्याच दिवशी ती लोकांना "ऑक्सिजनचा बेड मिळाला, आता काळजी नाही" म्हणून धीर देत होती.

त्यानंतर नियम केले आणि ते मोडू दिले नाहीत. बेडचा फोन एकट्याने घ्यायचा नाही, जोडीनेच. रात्री दहाला फोन पुढच्या जोडीकडे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, त्या दिवशी ग्रुप उघडला तर दादा ओरडायचा. कोणाचा पेशंट गेला तर फोन घेणाऱ्याला त्याच दिवशी कोणीतरी मोठ्याने फोन करायचा.

शिवाय रक्त. 1 मेपासून 18 वर्षांवरच्यांना लस मिळणार होती आणि तेव्हाच्या नियमाने लशीनंतर 28 दिवस रक्तदान बंद, पुढे ते 14 वर आलं. पिशवी टिकते 35 दिवस. म्हणून "आधी रक्त, मग लस" असं ओरडत फिरलो. शिबिर भरवता येत नव्हतं, वेळ ठरवून दोघं-दोघं रक्तपेढीत पाठवायचो. बाहेर पडल्यावर मास्कमधून का होईना, मित्राचा चेहरा दिसायचा. काही जण बहुधा त्यासाठीच आले असतील. चालतंय.

सातपूर

वाचतोय. धागाकर्ती ताई, फोनची साखळी आमच्या ग्रुपला लावायचीय. एकाला किती नावं द्यायची?

धागाकर्ती

दोनच. तीन दिली की तिसरा राहतो. आणि जोड्या दर महिन्याला बदला, नाहीतर दोस्त दोस्तालाच फोन करत बसतात. यादी कागदावर लिहा, एक्सेल कोणी उघडत नाही.