कलाकारानं आपल्या कामाशेजारी काय लिहावं?

काळीमाती:
परवा सोलापुरात मातीकाम, छापचित्रं आणि चित्रं असं एकत्र प्रदर्शन पाहिलं. कामं ताकदीची. शेजारच्या कागदांवर मात्र 'अस्तित्वाचा शोध', 'अवकाशाशी संवाद'. नावं झाकली तर कुणाचा कागद कुणाचा, कळायचं नाही. माझं म्हणणं, कलाकारानं जरूर लिहावं, पण हातानं काय केलं ते लिहावं. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना तडकते. राख, लीद मिसळून कुंभार माती सावरतो. हे ठाऊक असेल तर मुद्दाम भेग राखलेल्या त्या रांजणापुढं माणूस थांबेल. मागावर आयुष्य घालवलेले लोक इथं बघायला येतात, त्यांना हाताची भाषा बरोबर कळते.

निःशब्द:
अजिबात पटलं नाही. कागदच नको. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांनी बहुतेक चित्रांना शीर्षकसुद्धा दिलं नाही. कागद लावला की माणूस आधी तो वाचतो आणि मग चित्रात तेवढंच शोधतो. जेवायला बसलेल्याच्या हातात कुणी पाककृती देतं का?

जस्तपत्रा:
चित्रकारांना गप्प राहणं परवडतं, आम्हा छापचित्रवाल्यांना नाही. एचिंगपुढं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघ कोरून घेतलेल्या छापापुढं, उभं राहून लोक विचारतात, "ओरिजिनल कुठंय?" जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघ ओढायची, मग आम्लात बुडवून ती रेघ खाऊ द्यायची. शाई भरून वरची पुसायची, ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. पुढच्या प्रतीला शाई पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे प्रत्येक प्रत मूळच. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं ३/१० म्हणजे दहांतली तिसरी प्रत, लोक ती तारीख समजतात. हे सांगितलं नाही तर आमचं काम झेरॉक्सच्या रांगेत जातं.

निःशब्द:
छापचित्रापुरतं मान्य. पण मग पत्राच मांडा ना टेबलावर! शब्दांपेक्षा तो जास्त बोलेल.

काळीमाती:
गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीनं, रंग चढवायचे. हे कळल्यावर मला त्यांच्या चित्रातले थर दिसायला लागले, शांतता काही मोडली नाही. आपल्या पंढरपुरात जन्मलेले हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. त्यांच्या बेधडक रेघेचा उगम मला तिथं दिसतो. अशी माहिती चित्राची वाट अडवत नाही.

भट्टीवाली:
माझा दोन्ही बाजूंशी वाद आहे, कृती लिहा म्हणणाऱ्यांशी आणि काहीच लिहू नका म्हणणाऱ्यांशीही. '१२०० अंशांवर भाजलं' असं लिहिलं की लोक कष्ट मोजत बसतात, घाट बघतच नाहीत. "किती दिवस लागले?" एवढंच विचारतात. कृती कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकता येते. मी लिहिते तो निर्णय. भांड्याचा ओठ, म्हणजे वरची कड, जाड का ठेवला, ग्लेझ, म्हणजे काचेसारखी झिलई, तळापर्यंत न नेता मध्येच का थांबवलं. तो सर्वस्वी माझा असतो, बाकीचं मातीचं आणि भट्टीचं.

काळीमाती:
हे मला सुचलं नव्हतं. पटलं.

निःशब्द:
मला अजूनही नाही. ओठ जाड आहे हे बोटांना कळू द्या. आधी 'हात लावू नये' ही पाटी काढा.

भट्टीवाली:
माझ्या मांडणीत दोन भांडी हाताळायलाच ठेवलेली असतात. आणि ती हातात घेतल्यावरच लोक शेजारचा कागद वाचतात, त्याआधी नाही.