समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड किती मावेल?

प्रश्न :
समुद्राखालच्या गाळाच्या खोऱ्यातील एका वालुकाश्म थरात कार्बन डायऑक्साइड कायमचा साठवायचा झाल्यास किती मावेल, याचा मी अभ्यासापुरता हिशेब मांडला. क्षेत्रफळ १००० चौरस किलोमीटर, जाडी १०० मीटर, सच्छिद्रता (खडकातील छिद्रांचे प्रमाण) २० टक्के आणि त्या खोलीवर कार्बन डायऑक्साइडची घनता दर घनमीटरला ६५० किलो धरली, तर उत्तर १३०० कोटी टन येते. हा आकडा कितपत ग्राह्य धरावा?

पहिले उत्तर :
छिद्रांतले सगळे खारे पाणी हटेल असे आपण नकळत गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइड पाण्याहून हलका असल्याने वर चढतो, वरच्या आच्छादक शेल थराखाली (वायू अडवणाऱ्या घट्ट चिकणमातीच्या खडकाखाली) पसरतो आणि वालुकाश्माचा बराचसा भाग त्याच्या वाटेला येतच नाही. त्यामुळे प्राथमिक अंदाजात सहसा १ ते ४ टक्केच जागा उपयोगी मानतात. २ टक्के धरल्यास आपले उत्तर २६ कोटी टनांवर येते. थर साधारण ८०० मीटरपेक्षा खोल आहे ना, हेही पाहा, कारण सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमान आणि ७४ बार दाबाच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे ७४ पट) वर गेल्याशिवाय एवढी घनता मिळत नाही.

दुसरे उत्तर :
माझ्या मते जागेपेक्षा दाब अधिक निर्णायक आहे. नॉर्वेच्या समुद्रातील स्लाइप्नर या वायुक्षेत्रात १९९६ पासून उत्सिरा वालुकाश्मात, सुरुवातीची अनेक वर्षे वर्षाला सुमारे १० लाख टन कार्बन डायऑक्साइड सोडला गेला आणि तो विस्तीर्ण, अतिशय पार्य (द्रव-वायू सहज वाहू देणारा) थर फारशी दाबवाढ न होता तो सामावून घेत राहिला. त्याच देशाच्या स्नोव्हिट वायुक्षेत्रात २००८ मध्ये असेच काम सुरू झाले, पण तिथल्या पहिल्या थरात दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला आणि २०११ मध्ये दुसऱ्या थराकडे वळावे लागले. छिद्रे होती, पाण्याला सरकायला वाट पुरेशी नव्हती.

प्रश्नकर्ता :
म्हणजे थर बंदिस्त आहे की खुला, हे आधी ठरवावे लागेल. जुन्या तेलविहिरींच्या नोंदी त्यासाठी पुरतील का?

दुसरे उत्तर :
नोंदी मोलाच्या आहेत, मात्र विहिरी तेल असलेल्या उंचवट्यांवरच खोदलेल्या असतात, त्यामुळे मधल्या सखल भागाबद्दल त्या फारसे सांगत नाहीत. तिथे भूकंपीय सर्वेक्षणावरच (जमिनीत सोडलेल्या कंपनलहरींच्या प्रतिध्वनींवरून थरांचा नकाशा काढण्यावर) विसंबावे लागते. शिवाय प्रत्येक जुनी विहीर आच्छादक थराला पडलेले भोक आहे. तिचे सिमेंट कसे व कुठवर भरले, याची नोंद सापडत नसेल, तर वायू त्या विहिरीपर्यंत पोहोचणार नाही अशीच जागा मी निवडेन, मग क्षमता निम्मी झाली तरी चालेल.