साग इथून तिथून सारखाच?

वखारवाला, शाहूपुरी: बांधावर साग लावायचा तर बी आपल्याच भागातले हवे, हा आग्रह मला निव्वळ थोतांड वाटतो. केरळातले नीलंबूर असो, कर्नाटकातले दांडेली असो की गडचिरोलीतले आलापल्ली, सागाची जात एकच. बल्लारशाच्या मालाला गिऱ्हाईक जास्त मोजते, ते तिकडच्या जमिनीमुळे.

राधानगरीकर: जमिनीमुळे की बियाण्यामुळे, हे वखारीत उभे राहून कसे कळणार? ठिकठिकाणचे बी एकाच शेतात शेजारी लावून वर्षानुवर्षे मोजावे लागते. १९७० च्या दशकापासून अशा चाचण्या अनेक देशांत झाल्या आणि माती एक असूनही झाडे सारखी निघाली नाहीत. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. तो आला की सरळ वाढ थांबते आणि खोडाला दुबेळके फुटते. त्यामुळे उशिरा फुलणाऱ्या वाणाचा सोट लांब मिळतो, आणि फुलण्याचे वय बऱ्याच अंशी रक्तातच असते. जनुकीय तपासणीतही भारतातला साग थायलंड-लाओसच्या सागापासून वेगळा पडतो.

गडहिंग्लजकर: एका रोपवाटिकेने टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या तुकड्यापासून वाढवलेली रोपे 'सगळी एकसारखी' म्हणून आमच्या गळ्यात मारली. एकसारखी खरीच निघाली; सगळी एकदम किडली आणि सगळी काठीसारखी राहिली.

वखारवाला, शाहूपुरी: मधली दाट झाडे काढून विरळणी केली नसेल, दुसरे काय! आणि वाणाचे कौतुक कोणाला सांगता? १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग आहे, म्हणून स्वतःच्या रानातले झाड पाडायलाही परवानगी लागते. सात-बारावर नोंद नसली तर हेलपाटे वेगळे.

गडहिंग्लजकर: विरळणी आम्हाला शिकवू नका. नोंदीचे मात्र खरे आहे. माझ्या चुलत्यांनी त्याच वैतागाने उभा साग व्यापाऱ्याला मातीमोल दिला. तो व्यापारी तुमच्याच पेठेतला होता, हेही ऐकून ठेवा.

राधानगरीकर: परवान्याचे रडगाणे वेगळ्या धाग्यावर गा. विरळणीचा मुद्दा मान्य, वखारवाल्यांचा एखादा तरी मुद्दा मान्य करायलाच हवा. पण सागाचे परागण कीटक करतात आणि बहुतेक बी परपरागाचे, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागापासून झालेले असते. म्हणून दोन रानांतल्या फरकापेक्षा एकाच रानातल्या झाडाझाडांमधला फरक मोठा असतो. एका देखण्या झाडाखालचे बी वेचून 'स्थानिक वाण' म्हणणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

वखारवाला, शाहूपुरी: म्हणजे स्थानिकवाल्यांचेही अर्धे चुकलेच! तुम्ही वीस-पंचवीस झाडांचे बी गोळा करून द्या, रोपे मी करतो. तोडायच्या वेळी परवान्याला मात्र तुम्हीच जायचे.