मदत हवी आहे : मुंबईवरची पुढची पुस्तकं कोणती घ्यावीत?

मुंबईवरची मराठी पुस्तकं क्रमाने वाचतोय. अभ्यासक नाही, त्यामुळे मतं साध्या वाचकाची समजा.

माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (1863) एका दमात वाचायला घेतलं तर अडतं, कारण वाक्यं लांब आणि नावं जुन्या धाटणीची. रोज आठ-दहा पानं, शेजारी शहराचा नकाशा ठेवून वाचलं की रस्ते, तलाव, बाजार उलगडत जातात. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’त (1965) भाषा हेच कथानक. गोष्ट सांगणाऱ्या पोक्याची बोली मनातल्या मनात नीट ऐकू येत नाही. पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा, लय सापडते. मला तरी हे पुस्तक शिव्यांपेक्षा नाक्यावरच्या पोरांच्या रिकामपणासाठी महत्त्वाचं वाटतं. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978) सगळ्यांत जास्त आत गेलं. ते गाव आणि मुंबईतली कावाखाना ही वस्ती यांत सतत ये-जा करतं, सनावळी लावत बसलं की धागा सुटतो. आठवण जशी येते तसंच ते वाचावं.

आता अडचण. 1982च्या गिरणी संपानंतरचं घर, म्हणजे खानावळ चालवणारी, शिवणकाम करणारी, मुलांची फी भरणारी बाई केंद्रस्थानी असलेली कादंबरी किंवा आत्मकथन हवं आहे. संपाच्या राजकारणावरचं नको. अडीचशे पानांच्या आत असेल तर उत्तम, लोकलमध्ये उभ्याने वाचायचं आहे. दुसरं, माडगांवकरांच्या पुस्तकाची टिपा असलेली आवृत्ती कोणती घ्यावी? नाव सुचवताना कुठे अडखळायला होतं तेही लिहा, नुसतं ‘छान आहे’ नको.