नॅनो-चांदीच्या ड्रेसिंगमधली चांदी शरीरात साठते का?

नौपाडाकर :
माझ्या वडिलांना मधुमेह असून तळपायाला सव्वा महिन्यापासून जखम आहे. ठाण्यातील डॉक्टरांनी नॅनो-चांदीची, म्हणजे चांदीचे अतिसूक्ष्म कण असलेली, ड्रेसिंग लिहून दिली. काल पट्टी काढली तेव्हा जखमेच्या कडेची कातडी पेन्सिलीचे शिसे चोळल्यासारखी राखाडी दिसली. हे कण रक्तात उतरून यकृतात साठतात का?

ऐरोलीची परिचारिका :
असा डाग बहुधा पट्टीतून उतरलेल्या चांदीचाच असतो आणि हळूहळू जातो; तरी पुढच्या भेटीत तो डॉक्टरांना दाखवाच. पट्टी घरी सलाइनने ओली करता का? नॅनो-स्फटिकी चांदीच्या पट्ट्यांना निर्जंतुक पाणी लागते, कारण सलाइनमधील क्लोराइड चांदीला बांधून ठेवते आणि जंतूंपर्यंत ती कमी पोहोचते.

खारघरचा विषशास्त्र-अभ्यासक :
‘नॅनो विषारी आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कण कोणता, किती, कोणत्या वाटेने शरीरात जातो आणि तिथे विरघळतो की तसाच राहतो, हे पाहावे लागते. चांदीचा कण ओलाव्यात हळूहळू आयन, म्हणजे चांदीचे विद्युतभारित अणू, सोडतो. हे आयन जंतूंना मारतात, पण प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींनाही मारतात. (वर्तमानपत्रांतील मथळे बहुधा याच बशीतून निघतात.) जखमेत मात्र स्रावातील प्रथिने आणि क्लोराइड पुष्कळ चांदी अडवतात, म्हणून बशीतील आकडे पायाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. थोडी चांदी रक्तात जाऊ शकते. शरीर भाजून मोठ्या भागावर अशी ड्रेसिंग लावलेल्या रुग्णात रक्तातील चांदी वाढल्याचे, त्वचा राखाडी पडल्याचे आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्याचे नोंदले गेले आहे. तळपायाची लहान जखम हे फार वेगळे प्रमाण आहे.

न विरघळणाऱ्या कणांची भीती मात्र खरी आहे. एक्स-रेसाठी १९३० च्या दशकात शिरेतून दिले जाणारे थोरोट्रास्ट, म्हणजे किरणोत्सारी थोरियम डायऑक्साइडचे सूक्ष्म कण, यकृतात आयुष्यभर राहिले आणि अनेकांना काही दशकांनी यकृताचा कर्करोग झाला. तो दोष मुख्यतः किरणोत्साराचा होता, पण कण बाहेर न पडल्यानेच तो इतकी वर्षे चालू राहिला. म्हणूनच नॅनो-औषधांच्या तपासणीत कण कुठे जातो आणि किती काळ राहतो, हे विचारले जाते. भारतात त्यासाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली.

चांदीची ड्रेसिंग कायमची नसते. साधारण दोन आठवड्यांनी ती पुढे चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना विचारावे.

नौपाडाकर :
आम्ही सलाइनच वापरत होतो. खोक्यातील घडीच्या कागदावर ‘सलाइन वापरू नये’ असे बारीक अक्षरात छापलेले आज भिंगातून वाचले. सोमवारी डॉक्टरांकडे जाताना कागद आणि पट्टी दोन्ही नेतो.