शब्दचर्चा: मुलामा, कल्हई, विलेपन आणि 'सोन्याचं पाणी'

गोदाकाठची: भाचीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'विद्युत विलेपन' आलं. मी म्हटलं, म्हणजे मुलामा. तर ती म्हणे, "मावशी, मग भांडी बाजारातली कल्हई पण विलेपनच का?" मी गप्प. नेमका फरक काय? आणि 'सोन्याचं पाणी' यात पाणी कुठून आलं?

जुनं नाशिक: कल्हई वेगळी, ताई. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत न्यायचं. यात वीज कुठेच नाही. शब्दही अरबी 'कलई'वरून, म्हणजे कथीलच. मुलामाही मूळ अरबी, चकाकी आणलेला अशा अर्थाचा. विजेच्या कितीतरी आधीचा. तेव्हा सोनं पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवत. (त्या वाफांनी कारागिरांचं काय होत असेल ते होवो.) त्यालाही मुलामाच म्हणत.

अंबड एमआयडीसी: आमच्या शॉपमध्ये मुलामा कोणी म्हणत नाही, गिऱ्हाइकाला वाटेल फसवतोय. 'गोड बोलण्याचा मुलामा' म्हणून म्हणून शब्द नासलाय. आम्ही निकल मारतो, क्रोम मारतो, चांदी चढवतो. यातलं 'चढवणं' मला सगळ्यांत नेमकं वाटतं. 'विलेपन' म्हटलं की चंदन उगाळून फासल्यासारखं वाटतं. इथे फासत काहीच नाही. समई तारेला टांगून बाथमध्ये, म्हणजे चांदीच्या द्रावणात, सोडायची आणि ऋण टोकाला जोडायची, धन टोकाला चांदीची पट्टी. वीज सुरू झाली की पट्टीतली चांदी आयन होऊन द्रावणात उतरते आणि द्रावणातली समईवर येऊन पुन्हा धातू होते. एक अँपिअर तासभर सोडला तर सुमारे ४ ग्रॅम चांदी बसते. मोरचुदाच्या बाथमध्ये तांबं जेमतेम १.२ ग्रॅम, कारण त्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, चांदीला एकच.

गोदाकाठची: मग पाणी म्हणजे ते द्रावण?

अंबड एमआयडीसी: मला वाटतं नाही. तलवारीला पाणी, मोत्याला पाणी, तसंच हे, तेज या अर्थाचं. पण योगायोग झकास आहे, दागिना खरंच पाण्यातूनच निघतो. फक्त ते पाणी पिऊ नका, सोन्याच्या बाथमध्ये बहुधा सायनाइड असतं.

जुनं नाशिक: आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा? नाव विजेवाल्या गॅल्व्हानीचं, पण पत्रा बहुतेक वेळा वितळलेल्या जस्तात बुडवलेला. म्हणजे कल्हईचा चुलतभाऊ.

गोदाकाठची: आमच्या चांदी चढवलेल्या लोटीला आतून पिवळं दिसू लागलंय. बाहेरून ठीक आहे. घासणाऱ्या बाईंना बोलले मी.

अंबड एमआयडीसी: बाईंना बोलू नका. काठावर, कोपऱ्यावर प्रवाह एकवटतो, तिथे थर जाड. खोलगट भागात तो पोचतच नाही धड. आत वेगळी पट्टी सोडावी लागते, घाईत कोण सोडतंय! पापुद्रे सुटत असतील तर मात्र तेल नीट न काढता माल बाथमध्ये टाकलाय.

गोदाकाठची: नाही, पापुद्रे नाहीत. मग याला काय म्हणायचं, चांदी गेली?

जुनं नाशिक: पाणी उतरलं.